देह मिथ्या खरा, पण उचलणार कोण?

वाचक माउली, पौष महिन्यात आमच्या दिंडीतल्या एका जुन्या वीणेकऱ्यांच्या मुलाचा फोन आला. वीणेकऱ्यांचे वय 72. खुब्याचा सांधा झिजून गेला होता, म्हणून मार्गशीर्षात तो बदलून घेतला. ऑपरेशन चांगले झाले. जखम भरली, टाके निघाले. पण घरी आल्यापासून म्हातारबुवांनी अंथरूण धरले आहे. सांगितलेले व्यायाम ते करीत नाहीत. वॉकर कोपऱ्यात उभा असतो आणि घरचे त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात. मुलाने फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "अरे, हा देह जाणारच आहे. त्याला किती दिवस गोंजारायचे? पाय हलवत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात नाम होईल. पांडुरंगाच्या मनात असेल तर तो चालवील." मुलगा मला म्हणाला, "महाराज, ते तुमचे ऐकतात. तुमचाही खुबा बदललाय. तुम्हीच काही सांगा."

मी वीणेकऱ्यांशी बोललो. बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू येऊ लागला, कारण चार वर्षांपूर्वी मी अंथरुणावरून हेच शब्द, जवळजवळ याच क्रमाने बोललो होतो. शंका त्यांची एकट्याची नाही. आयुष्यभर वारी केलेले, गुडघे-खुबे झिजवून बसलेले कितीतरी वारकरी आज घरोघर आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनात हा प्रश्न येतो आणि तो उघड विचारायची लाज वाटते. तेव्हा तो इथे उघडच घेऊ. नाशिवंत देहाचा एक सांधा पुन्हा चालता करण्यासाठी महिनोन् महिने झटावे, हे वारकऱ्याला शोभते का? की हीसुद्धा देहाची आसक्तीच?

आमच्या गुरुजींची पाठ देताना एक शिस्त होती. पूर्वपक्ष दुबळा मांडायचा नाही. म्हणून आधी वीणेकऱ्यांची बाजू पुरी मांडतो. देह नाशिवंत आहे, हे सर्व संतांनी सांगितले. भोग प्रारब्धाचा आहे, हे शास्त्राने सांगितले. सत्तरीनंतर हातात उरलेला काळ थोडा, आणि त्याचा उत्तम उपयोग नामस्मरण. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष पाहायला सांगितले आहे. ते गोंजारायला सांगितलेले नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी तिथे म्हातारपणाचे जे वर्णन केले आहे ते ऐकून अंगावर काटा येतो. मी तिशीत असताना त्या ओव्यांवर मोठ्या आवेशाने निरूपण करीत असे. समोर म्हातारी माणसे भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली असायची. मी त्यांना म्हातारपण समजावून सांगत होतो! माना डोलवून ऐकून घेत, ही त्यांची कृपा.

पूर्वपक्ष असा भक्कम आहे. आता वस्तुस्थिती पाहू, कारण वस्तू न पाहता केलेला सिद्धांत हवेत राहतो.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरते. दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते आणि पाऊल टाकणे जिवावर येते. ऑपरेशनमध्ये तो चेंडू काढून मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, तिच्या टोकावर धातूचा किंवा सिरॅमिकचा नवा चेंडू येतो, आणि कमरेच्या बाजूला नवी वाटी बसते. या विद्येला आजचे रूप इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या सर जॉन चार्नली यांनी दिले. आधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या. त्या झिजल्या, आणि झिजलेल्या कणांनी रुग्णांना त्रास झाला. मग पॉलिथिलीनचा एक टणक प्रकार हाती आला. शरीर त्याला कसे सोसते हे पाहायला त्यांनी दोन्ही पदार्थांचे नमुने आपल्याच मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी सूज आली, दुसऱ्याला शरीराने काही केले नाही. नोव्हेंबर 1962 पासून ती नवी वाटी रुग्णांना बसू लागली. आज पुष्कळांचे बदललेले खुबे 20 वर्षे आणि त्याहून जास्त काळ चालतात. आपल्या देहावर करून पाहणारा तो माणूस मला आपल्यातलाच वाटतो.

पण माउली, डॉक्टर बसवतात तो सांधा. चाल ते बसवू शकत नाहीत. खुबा धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू, आणि ते दुखण्याच्या वर्षा-दोन वर्षांत वाळून गेलेले असतात. एका पायावर उभे राहिले की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, कारण कमर एका बाजूला कलू नये म्हणून बाजूचे स्नायू जोर लावून तिला ओढून धरतात. आणि चालणे म्हणजे तरी काय? एका पायावरून दुसऱ्या पायावर उभे राहत जाणे. ते स्नायू दुबळे राहिले तर सांधा नवा असूनही माणूस डुलत, लंगडत चालतो. किंवा चालतच नाही.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी धरून उभे करतात आणि व्यायाम सुरू होतात. ते दिसायला इतके क्षुल्लक असतात की हसू यावे. पडल्या पडल्या पावले घोट्यातून वर-खाली हलवायची, म्हणजे पोटरीतले रक्त साचून गुठळी होण्याचा धोका कमी होतो. मांडी आवळून गुडघा गादीवर दाबायचा, पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे. बैठकीचे स्नायू आवळायचे, सोडायचे. टाच गादीवरून आपल्याकडे सरकवायची, परत न्यायची. पाय बाजूला सरकवायचा, परत आणायचा. पुढे ओट्याला धरून उभे राहायचे आणि पाय थोडा वर, थोडा बाजूला, थोडा मागे न्यायचा. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. चालणे आधी वॉकरने, मग काठीने, रोज चार पावले जास्त.

पथ्येही असतात. छेद कोणत्या बाजूने घेतला यावर ती ठरतात, म्हणून ज्याची त्याने आपल्या डॉक्टरांकडून घ्यावीत. माझा छेद मागच्या बाजूने होता. मला सांगितले होते की कमरेत काटकोनापलीकडे वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, झोपताना दोन्ही पायांत उशी ठेवायची. तसे न केल्यास नवा चेंडू वाटीतून निसटण्याचा धोका असतो. खाली बसणे आणि मांडी घालणे बंद. ज्याचे सारे आयुष्य सतरंजीवर मांडी घालून गेले, त्याला हे जड गेले हे सांगायला नको.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगण्यासारखी नाही, पण वीणेकऱ्यांना फोनवर तीच सांगितली.

घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मी व्यायाम केले. मग दुखू लागले, कंटाळा आला. शिवाय खरे सांगायचे तर भीती बसली. उभे राहताना वाटे, आता पडतो. भीती वाटते असे म्हणायची लाज वाटली. 40 वर्षे गादीवर उभे राहून निर्भयतेचे चिंतन सांगितलेला माणूस चार पावलांना घाबरतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा मी वैराग्य पुढे केले. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आली की म्हणायचो, "पोरी, हा देह मातीचा. किती घडवशील?" ती बिचारी गप्प बसे. कीर्तनकाराशी शब्दांनी कोण भांडणार? भेटायला आलेली मंडळी मात्र म्हणत, "महाराजांना देहाची पर्वाच नाही." ते ऐकून मला बरे वाटत असे. हेही लिहून ठेवतो.

मी उठत नव्हतो तरी देहाचे व्यवहार थांबले नव्हते. रात्रीतून दोनदा उठावे लागे. आमच्या सौभाग्यवती तेव्हा 68 वर्षांच्या. त्या उठत, माझ्या काखेत हात घालून मला बसते करीत, भांडे देत, काढीत, मला पुन्हा निजवीत. असे तीन आठवडे चालले. एका पहाटे मी हाक मारली तर त्या उठल्या नाहीत. कमरेत उसण भरली होती. कूसही पालटता येत नव्हती. मी पलंगावर आणि त्या खाली गादीवर, दोघे आढ्याकडे बघत पडलो होतो. मी म्हणालो, "अगं, फार दुखतंय का?" त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही देह मिथ्या म्हणता. मला पटतं. पण तो उचलायला मला खराच लागतो."

त्यात राग नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसे बोलल्या.

माउली, मी मोठमोठ्या महाराजांची कीर्तने ऐकली. वैराग्यावर ग्रंथ वाचले. पण माझ्या वैराग्याची परीक्षा त्या एका वाक्याने झाली आणि मी नापास झालो. मला देहाची पर्वा नव्हती असे नाही. ती मी दुसऱ्याच्या कमरेवर टाकली होती. ज्याला देहाची खरोखर आसक्ती नाही, तो दोन वेळचे दुखणे सोसून पाय हलवील. मी दुखणे टाळत होतो, म्हणजे देहाचे सुखच जपत होतो. वर त्याला विरक्तीचे नाव देऊन लोकांकडून मान घेत होतो. हा एका देहाच्या नावावर तीन ठिकाणी केलेला लबाडपणा होता.

म्हणून पहिला सिद्धांत मांडतो. देहाविषयी उदास व्हायचे तर त्या उदासीनतेचा भार स्वतः उचलावा. जिचा भार घरातल्या दुसऱ्या जिवावर पडतो, ती विरक्ती नव्हे. आपल्या घरांतून हा भार बहुधा बायकोवर, सुनेवर किंवा लेकीवर पडतो आणि ती माउली तोंडातून शब्द काढीत नाही. म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

इथे एक अंतर नीट पाहिले पाहिजे. ज्याला खरोखर उठताच येत नाही, ज्याने सांगितले ते सारे केले आणि तरी पाय साथ देत नाही, त्याने सेवा घ्यावी. कृतज्ञतेने घ्यावी आणि मनात खंत धरू नये. पुंडलिकाचे आईवडील सेवा घेतच होते, आणि त्या सेवेपायी देव विटेवर उभा राहिला. सेवा घेण्यात पाप नाही. पण जे आपल्याला करता येते ते न करता घेतलेली सेवा हे कर्ज आहे. ते कोणत्या जन्मी फिटेल, ते ज्याने घेतले त्याने पाहावे.

आता प्रारब्ध. वीणेकरी म्हणाले, "पांडुरंगाच्या मनात असेल तर तो चालवील." यात खोटे काही नाही, पण शास्त्र अर्धेच सांगितले. वेदांतात बाणाचा दृष्टांत देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, तो परत येत नाही. हातातला बाण म्हणजे क्रियमाण. खुबा झिजला, चिरला गेला, बदलला, हा सुटलेला बाण. त्याबद्दल कुरकुर करू नये. पण आज सकाळी दहा वेळा टाच सरकवायची की नाही, हा बाण अजून हातात आहे. हातातल्या बाणाला सुटलेला म्हणणे ही शास्त्राची फसवणूक झाली. पांडुरंगाच्या मनात काय आहे ते आपल्याला कळत नाही. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिले आहे, ते मात्र कळते.

राहिला नाशिवंतपणा. यावर माझ्या धंद्यातलाच दृष्टांत देतो. कीर्तनाआधी आमचे मृदंगमणी कणीक मळून मृदंगाच्या धुमेला लावतात. किती लावायची ते बोटाने आणि कानाने ठरवतात. कमी झाली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर दबलेला. कीर्तन संपले की ती कणीक खरवडून काढतात. दोन-तीन तासांचे आयुष्य! म्हणून कुणी मृदंगमणी म्हणाला का, की काढूनच टाकायची आहे तर लावू कशाला? तसे म्हणाला तर त्या दिवशीचे भजन धुमेवाचून होईल. कणीक टिकत नाही म्हणूनच ती रोज ताजी मळावी लागते. देह टिकणार नाही, हे कबूल. पण आजचे भजन त्याच्यावरच वाजायचे आहे. तुकोबारायांनी याच देहाला एका तोंडाने वाईट म्हटले आणि त्याच तोंडाने उत्तमही म्हटले. नाथ महाराजांनी भागवतावर लिहिताना देहाबद्दल मधली वाट दाखवली आहे, ती अशी की त्याला टाकून देऊ नये, भोगासाठी पोसू नये, तर साधनाला लावावे. या वाक्यांत विरोध नाही. देह कशाला लावला आहे, त्यावर त्याचे मोल ठरते.

त्या पहाटेनंतर मी व्यायाम धरला. पण माउली, मन फार चतुर आहे. एका दाराने बाहेर काढले की दुसऱ्या दाराने आत येते. सहा आठवड्यांनी पाय उचलू लागला तसा मला लोभ सुटला. दहाऐवजी तीस वेळा, तीन वेळांऐवजी सहा वेळा! मनात हिशेब सुरू झाला, की ज्येष्ठात आळंदीला जायचे, माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चालून चढायचा आणि लोकांना दाखवायचे. चौथ्या दिवशी मांडी सुजली, ठणका लागला आणि पुन्हा चार दिवस पडून राहावे लागले. ती व्यायाम शिकवणारी मुलगी या वेळी गप्प बसली नाही. म्हणाली, "महाराज, आधी तुम्ही माझं ऐकत नव्हता तेही स्वतःच्या मनानं, आणि आता जास्त करताय तेही स्वतःच्या मनानं. दहा म्हणजे दहा." गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्त आहार-विहाराचा पाठ मी मुलांना कितीदा दिला असेल. तो मला तिने एका वाक्यात दिला.

तेव्हा दुसरा सिद्धांत असा. न करण्यात जसा देहाभिमान लपतो, तसा फार करण्यातही लपतो. व्यायामाला अभ्यासाचे रूप द्यावे. सहाव्या आणि बाराव्या अध्यायांत माउलींनी अभ्यासाचा एवढा महिमा गायला तो याचसाठी, की अभ्यास रोजचा आणि थोडाथोडा असतो आणि आज केल्याचे आज काही दिसत नाही. दहा वेळा टाच सरकवून पाहा. अकराव्या वेळी काहीही बदललेले नसते. तरी संध्याकाळी पुन्हा दहा. जपमाळेचे मणी ओढणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. मी तर मोजायला आकडे सोडले. प्रत्येक हालचालीला "राम कृष्ण हरी" म्हणू लागलो. टाच जाताना राम कृष्ण, येताना हरी. वीणेकऱ्यांच्या "तेवढ्या वेळात नाम होईल" या शंकेचे उत्तर इथेच मिळते. नामाला पाय मोकळा लागतो किंवा बांधलेला लागतो, असे कोणत्याही संताने म्हटलेले नाही.

थोडे दुखणे हे स्नायू जागे होत असल्याचे लक्षण. पण कळ तीव्र आली, सूज वाढली, तर थांबावे आणि विचारावे. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखले, जखमेतून पू आला, ताप आला, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड अथवा वळलेला दिसला, तर तिथे पांडुरंगाची इच्छा म्हणत बसू नये. त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

त्या दिवसांत मला कूर्मदासांची कथा नव्याने कळली. महिपतींनी ती भक्तिविजयात सांगितली आहे. आपल्यापैकी सर्वांनी ती ऐकली आहे. हात नाहीत, पाय नाहीत, असे कूर्मदास पैठणाहून पंढरीला निघाले, पोटावर सरपटत. लऊळ गावापर्यंत आले. पुढे शक्ती उरली नाही, आणि एकादशी तर आली. तेव्हा देवच लऊळला आला. मी ही कथा शेकडो वेळा सांगितली, आणि दरवेळी देव आला त्या जागेवर आवाज चढवला. टाळ वाजले, लोक रडले. पण त्या आधी रोज काय घडत होते, ते मी एका वाक्यात संपवीत असे. पहिल्या दिवशी ते किती सरकले असतील? मागे वळून पाहिले तर पैठण तिथेच दिसत असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. ज्या माणसाला "माझे प्रारब्धच असे" म्हणून घरी बसायचा पुरा हक्क होता, त्याने तो वापरला नाही. आणि लऊळला आल्यावर पुढे जाता येत नाही हे कळले, तेव्हा लाजही धरली नाही, निरोप पाठवला. होते तेवढे सारे केले, आणि संपले तिथे हाक मारली. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या ठिकाणी आहेत म्हणून ते कूर्मदास. मी लऊळला पोहोचण्याआधीच, पैठणातल्या अंथरुणावरूनच निरोप धाडीत होतो.

अंगावर काठी आली तेव्हा मुलीने सांगितले, "काठी ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची." मला उलटे वाटले. दुखते इकडे आणि आधार तिकडे? पण त्यात हिशेब आहे. पाय टाकताना दुसऱ्या बाजूची काठी कमरेला कलू देत नाही आणि खुब्यावरचा भार हलका होतो. जिन्याचाही एक नियम आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. घरातल्या आधाराचेही तसेच असते. दुखणे माझे होते, आणि मला ज्यांनी कलू दिले नाही ते सारे दुसऱ्या बाजूला उभे होते.

दोन गोष्टी मात्र आल्या नाहीत. एक, मांडी घालणे. मंदिरात सारे खाली आणि मी खुर्चीवर, वीणेच्याही वर. पहिल्या एकादशीला मी मागच्या खांबाआड बसलो. दुसरी त्याहून कठीण. आपल्यात एकाने पाया पडले की दुसऱ्यानेही पडायचे. त्यात लहान-मोठे नाही. आणि मला वाकायला बंदी! लोक येत, पायावर डोके ठेवीत, आणि मी ताठ उभा. 40 वर्षे गादीवर उभे राहूनही जो ताठा मी जपून दूर ठेवला होता, तो आता शरीरात बसवून दिल्यासारखा झाला. फार महिने हे मला खात होते. एकदा आमच्या जुन्या टाळकऱ्यांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "महाराज, इतकी वर्षं तुम्ही वाकत होता तेव्हा तुमचं लक्ष आमच्याकडं नसायचं, पुढच्या माणसाकडं असायचं. आता हात जोडता तेव्हा तोंडाकडं बघता." बरोबर होते ते. आता कुणी पाया पडले की मी थांबतो, हात जोडतो, आणि त्या माणसाचे नाव घेतो. आठवत नसेल तर विचारतो.

तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउलींनी अहिंसकाच्या चालण्याचे वर्णन केले आहे. पायाखाली कुणी जीव दुखावेल म्हणून तो पाऊल किती जपून ठेवतो ते सांगितले आहे. तरुणपणी मी ते काव्य म्हणून सांगितले. आज अंगणातून मारुतीच्या देवळापर्यंत जाताना मी प्रत्येक पाऊल पाहून टाकतो. मुंगी दिसते, ओला दगड दिसतो, कुणाच्या दारातली रांगोळी दिसते. पडायच्या भीतीने शिकलो हे कबूल. पण शिकलो.

दिवे घाट काही मी चढलो नाही. तो हट्ट सोडला. गेल्या आषाढीला दिंडीच्या ट्रकातून गेलो, आणि रोज सकाळी पहिल्या विसाव्यापर्यंत जमेल तेवढे, काठीने, वीणेच्या मागे चाललो. सौभाग्यवती पुढे तुळस घेऊन चालत होत्या. त्यांची कमर आता बरी आहे. रात्री मी माझा मी उठतो.

तेव्हा वीणेकरी बुवा, आणि तुमच्यासारखे जे जे अंथरुणाला टेकून हे वाचत असतील ते सर्व, तुमचे वैराग्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. माझे होते. तुमचे तुम्ही तपासा, आणि तपासायची रीत सोपी आहे. आज रात्री तुम्हाला कोण उठवते, तिच्याकडे एकदा नीट पाहा. मग सकाळी डॉक्टरांनी लिहिलेला कागद काढा आणि त्यात जे पहिले लिहिले आहे तेवढेच करा. बहुधा पावले वर-खाली हलवायचीच असतील. दहा वेळा. फळ पांडुरंगावर सोडा. पण पाय तुम्ही हलवा.

हे लिहून होत असताना वीणेकऱ्यांच्या मुलाचा पुन्हा फोन आला होता. मी विचारले, "बुवा कसे आहेत?" तो म्हणाला, "कुरकुर करतात. पण टॉवेल आता दोरीवर वाळत घालावा लागतो."

राम कृष्ण हरी.